काळोखांतील सोबत

सुखाचीं गाणीं आवडतात असें म्हणणाऱ्याला कोणी कारण विचारीत नाहीं. शोकाचीं गाणीं आवडतात असें म्हणणाऱ्याला मात्र जन्मभर जबाब द्यावा लागतो. इंग्लंडांत १९७८ च्या सुमारास जें नवें संगीत उदयास आलें, ज्याला ‘पोस्ट-पंक’ असें नांव पडलें आणि ज्याच्या एका काळ्या शाखेला पुढें ‘गॉथ’ म्हणूं लागले, त्या संगीताचा मी चाळीसांहून अधिक वर्षें नादी आहें. तो जबाब आज आपल्यापुढें एकदांचा द्यावा, असा माझा मानस आहे.

१९८१ च्या हिवाळ्यांत मी शिक्षणासाठीं लीड्स शहरीं राहत होतों. पुण्याच्या भरल्या वाड्यांत वाढलेला मी तेथें एका लहानशा खोलींत एकटा पडलों. दुपारीं चार वाजतांच बाहेर काळोख होई. रात्रीं दहाला बी. बी. सी. वर जॉन पील यांचा कार्यक्रम लागे. १९६७ पासून २००४ सालीं मृत्यु येईपर्यंत या गृहस्थांनीं कितीतरी नवख्या मंडळींना नभोवाणीचें दार उघडून दिलें. एके रात्रीं त्यांनीं लावलेल्या ध्वनिमुद्रिकेंतून खर्जांतला एक आवाज आला. इतका थकलेला, इतका जाणता आवाज पन्नाशी उलटलेल्या माणसाचा असावा, असें मला वाटलें. दुसऱ्या दिवशीं एका सहाध्यायानें सांगितलें कीं, तो ‘जॉय डिव्हिजन’चा ईअन कर्टिस. अपस्मारानें आणि खिन्नतेनें गांजलेल्या त्या तरुणानें १८ मे १९८० रोजीं स्वतःच आपलें जीवन संपविलें होतें. वय अवघें तेवीस. माझी रात्र ज्याच्या सोबतीनें सरली, त्याला स्वतःला ती सोबत पुरली नव्हती.

या संगीतांत असें काय होतें? १९७६-७७ सालचें पंक संगीत त्वेषाचें होतें. भरधाव लयींत राग ओकून तें दोन-तीन मिनिटांत मोकळें होई. जॉय डिव्हिजनचे तरुण त्याच मुशींतून निघालेले. परंतु त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका, ‘अननोन प्लेझर्स’, जून १९७९ मध्यें निघाली, तेव्हां तिचे निर्माते मार्टिन हॅनेट यांनीं त्या वादनांत जाणूनबुजून पोकळी ठेवली. ढोलाचा प्रत्येक घाव सुटा, आणि त्यामागें ओसाड दालनांत उमटावा तसा प्रतिध्वनि. मध्येंच लिफ्टची घरघर, मध्येंच काच फुटल्याचा आवाज. एरवीं तळाशीं राहून साथ करणारी बेस गिटार येथें पीटर हुकच्या हातीं वर चढून चालच सांगूं लागते. गंमत अशी कीं, ही मुद्रिका ऐकून खुद्द हुक नाराज झाला. त्याला आपला जुना त्वेष हवा होता. पण माझ्यासारख्या एकट्या माणसाला त्या पोकळींत बसावयाला जागा मिळाली.

पुढें ही शाखा फोफावली. नॉर्दॅम्प्टनच्या ‘बाउहाउस’ मंडळीनें १९७९ मध्येंच, पडद्यावर ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीच्या नांवानें नऊ मिनिटांहून लांब गीत काढलें होतें. सूझी सू हिच्या गाण्यांत भीति राणीच्या दिमाखानें वावरे. आमच्या लीड्समध्यें ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ होते. त्यांच्याकडे ढोल वाजविणारा माणूस नव्हता, एक यंत्र होतें, आणि त्याला त्यांनीं ‘डॉक्टर ॲव्हलांश’ अशी पदवी बहाल केली होती. काळे कपडे घालणारे हे लोक हसत नसत, असें मात्र आपण समजूं नये!

१९८३ च्या जानेवारींत पुण्याहून निरोप आला कीं, वडील गेले. माझें जाणें वेळेवर होण्यासारखें नव्हतें. मित्र म्हणाले, चल, कोठें तरी मन रमव. मला रमावयाचें नव्हतें. त्या रात्रीं मीं ‘द क्युअर’ची १९८१ सालची ‘फेथ’ ही मुद्रिका लावली. तिच्या वेष्टनावर धुक्यांत बुडालेले बोल्टन मठाचे भग्नावशेष आहेत. ते लीड्सहून फार दूर नाहींत. पुढच्या रविवारीं मी तेथें गेलों, आणि त्या पडक्या भिंतींपाशीं मला प्रथमच रडूं आलें. त्या संगीतानें माझें दुःख वाढविलें नाहीं. त्यानें त्याला बसावयाला पाट दिला.

उन्हाळ्यांत घरीं आलों तेव्हां कॅसेटी बरोबर होत्या. एके संध्याकाळीं आई दाराशीं येऊन म्हणाली, “अरे, हें कसलें रडगाणें लावलंयस?” मी बंद करूं लागलों, तशी म्हणाली, “राहूं दे.” कर्टिस गात होता. तिला इंग्रजीचें अक्षर येत नव्हतें. थोड्या वेळानें ती म्हणाली, “हा पोरगा कुणाला तरी हांक मारतोय रे, आणि कुणी ओ देत नाहीं.”

कर्टिसच्या साथीदारांनीं पुढें प्रांजळपणें कबूल केलें आहे कीं, आम्हीं त्याचे शब्द नीट ऐकलेच नाहींत; तें आम्हांला काव्य वाटलें. मी त्यांना दोष देत नाहीं. तींहि कोवळीं पोरेंच होतीं. भवभूतीनें करुणाला एकमेव रस मानलें, आणि शोकांतून आनंद कसा होतो याची चर्चा आपल्याकडे शतकानुशतकें चालली आहे. रस चाखतांना रसिकाला उसंत असते. परंतु गाणाऱ्याला ती असेलच असें नाहीं. हें एक सत्य मला या संगीतानें शिकविलें. तेव्हांपासून कोणी हंसत हंसतहि “कंटाळा आला जगण्याचा” असें म्हणाला, तर मी तें अलंकार म्हणून सोडून देत नाहीं. शेजारीं बसतों, विचारतों. दोन वेळां तरी त्या विचारण्याचा उपयोग झाला, एवढें मी सांगूं शकतों.

१ नोव्हेंबर २०२४ रोजीं क्युअरची नवी मुद्रिका आली, पूर्वींच्या मुद्रिकेनंतर सोळा वर्षांनीं. रॉबर्ट स्मिथ पासष्ट वर्षांचा झाला होता. तींत त्यानें आपल्या दिवंगत भावाला निरोप देण्याची धडपड केली आहे. मीही साठी ओलांडली आहे. आई आतां नाहीं. दिवा मालवून मीं ती मुद्रिका शेवटपर्यंत ऐकली, आणि त्या काळोखांत मला परकें असें कांहींच वाटलें नाहीं.

श्रोतेहो, आपल्या घरांतला एखादा मुलगा वा मुलगी दार लावून असें कांहीं ऐकत असेल, तर रागावूं नका. दारावर हळूच टिचकी मारा, आणि आंत जाऊन थोडा वेळ बरोबर ऐका.