श्वानाचे मूत्रपरीक्षण
म्हातारे कुत्रे वारंवार पाणी पिऊ लागले की दोष उन्हाळ्याला दिला जातो. वस्तुतः त्याची मूत्रपिंडे थकलेली असू शकतात. त्यांची सुमारे दोन-तृतीयांश कार्यशक्ती गेल्यावर मूत्र संहत करण्याची क्षमता लोपते. रक्तातील दोष बहुधा त्यानंतर दिसतो. म्हणून मूत्राचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. तरंगत्या मापकाला बरेच मूत्र लागते. आजारी जनावर ते देईलच असे नाही! रिफ्रॅक्टोमीटरला थेंब पुरतो. मात्र शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यावर तो १.००० दाखवतो ना, हे आधी तपासावे. रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर कुत्र्याच्या बाबतीत विसंबू नये. शरीरातील पाणी घटलेल्या कुत्र्यात हा आकडा १.०३० च्या वर अपेक्षित असतो, तो १.००८ ते १.०१२ मध्येच अडकल्यास मूत्रपिंडविकाराचा संशय बळावतो. नमुना सलाईन देण्यापूर्वीच घ्यावा. नंतरचे मूत्र त्यामुळेच पातळ झालेले असते.