दुपार भिलारची, संध्याकाळ मिरजेची
उन्हानं जीव नकोसा झाला, की साताऱ्याकडच्या मंडळींनी पाचगणीजवळचं भिलार गाठावं. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. कुणाच्याही ओसरीवर टेका, हवं ते पुस्तक उघडा. वाचायला पैसे पडत नाहीत.

आणि सांगलीकरांना संध्याकाळ घालवायला मिरज हाकेच्या अंतरावर. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी इथं सतारी, तंबोरे घडवायला घेतले, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा, त्याला लाकडाची दांडी. पण खरी मेख जवारीत, म्हणजे तारेचा नाद खुलवण्यात! तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीनं हलकेच घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. पाहत बसलं तर वेळेचं भान राहत नाही. घरी परतल्यावर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका लावा, तेही मिरजेतच स्थायिक झाले होते.