पंधरा महिन्यांचं गृहखातं



५ एप्रिल २०२१. गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरच्या आरोपांची सीबीआयनं प्राथमिक चौकशी करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं दिला. देशमुखांनी आरोप नाकारले होते. तरी त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि गृहखातं आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील यांच्याकडे आलं. करोनाची दुसरी लाट भरात होती, आणि पोलीस दलाची अब्रू रोज वर्तमानपत्रांत निघत होती.

अशा वेळी हेच नाव पुढे येणं स्वाभाविक होतं. वळसे पाटील निरगुडसरचे. वडील दत्तात्रय वळसे पाटील आंबेगावचेच आमदार. कायद्याचं शिक्षण झालेला हा तरुण शरद पवारांचा स्वीय सहायक झाला आणि मंत्रालयातली फाईल कशी फिरते, हे तिथं शिकला. १९९० साली तो आमदार झाला आणि पुढं एकही विधानसभा निवडणूक हरला नाही.

त्यांची मंत्रिपदाची कामं आपल्या घरापर्यंत आलेली आहेत. ते उच्च व तंत्रशिक्षण मंत्री असताना २००१ साली एमकेसीएल ही कंपनी उभी राहिली. तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमानं खेडोपाडीच्या मुलामुलींचा हात पहिल्यांदा संगणकाच्या कळफलकावर ठेवला. ते ऊर्जामंत्री असताना २००५ साली वीज मंडळाचं विभाजन झालं आणि महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्या कामाला लागल्या. भारनियमनाचा लोकांचा रागही त्याच काळात त्यांनी झेलला. २००९ ते २०१४ ते विधानसभेचे अध्यक्ष होते.

सर्वांत अल्पकाळाचं पद मात्र नोव्हेंबर २०१९चं, हंगामी अध्यक्षाचं. ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव त्यांच्याच अध्यक्षतेखाली १६९ मतांनी संमत झाला. दुसऱ्या दिवशी नाना पटोले अध्यक्ष झाले.

गृहखात्याचे ते पंधरा महिने धकाधकीचे गेले. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठीचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१मध्ये त्यांनी विधिमंडळातून मंजूर करून घेतलं. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी तो कायदा लागू मात्र झाला नाही. एप्रिल २०२२मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा जमाव थेट शरद पवारांच्या मुंबईतल्या निवासस्थानी धडकला. पोलिसांना आधी कसं कळलं नाही, हा रास्त सवाल गृहमंत्र्यांना विचारला गेला. पाठोपाठ मशिदींवरच्या भोंग्यांचा वाद पेटला. त्यावरून राज्यात मोठी दंगल झाली नाही, याचं श्रेय त्यांना आणि पोलिसांना दिलंच पाहिजे. आणि २९ जून २०२२च्या रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. गृहखातं गेलं.

मुंबईत सरकारं बदलत होती. आंबेगावात चर्चा पाण्याची होती. ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं, ते आंबेगाव डिंभे धरणात बुडालं. घोड नदीवरच्या या धरणाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. जुन्नर तालुक्यातल्या माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांसोबत डिंभे हा कुकडी प्रकल्पाचा भाग. माणिकडोह बऱ्याच वर्षी पूर्ण भरत नाही, म्हणून डिंभेचं पाणी बोगद्यानं तिकडे न्यावं, असा प्रस्ताव पुढे आला. कालव्याच्या शेपटाला असलेल्या नगर आणि सोलापूरच्या शेतकऱ्यांना त्यात आशा दिसली, तर आंबेगावच्या शेतकऱ्यांना आपलं धरण रिकामं होण्याची भीती वाटली. दोन्हीकडची तहान खरी आहे.

२ जुलै २०२३ रोजी वळसे पाटलांनी अजित पवारांसोबत मंत्रिपदाची शपथ घेतली आणि पुढे सहकार खातं स्वीकारलं. तीन दशकं ज्यांच्या सावलीत काढली, त्या शरद पवारांपासून ते दूर झाले. या निर्णयामागे डिंभेच्या पाण्याचा प्रश्न असल्याचं त्यांनी मतदारांना सांगितलं. अनेकांना ते पटलं नाही.

२०१९ साली त्यांचं मताधिक्य सहासष्ट हजारांवर होतं. २०२४ साली समोर देवदत्त निकम होते, त्यांचेच जुने सहकारी आणि भीमाशंकर साखर कारखान्याचे माजी अध्यक्ष. वळसे पाटील आठव्यांदा निवडून आले, पण फक्त १,५२३ मतांनी. निकमांशी नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्षालाच त्याहून जास्त मतं पडली होती. शेजारच्या जुन्नरनं तर त्याच निवडणुकीत शरद सोनवणे यांना अपक्ष म्हणून निवडून दिलं.

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, तेव्हा मंत्र्यांच्या यादीत वळसे पाटलांचं नाव नव्हतं. गृहखात्याच्या पंधरा महिन्यांची नोंद इतिहासात होईल. पण डिंभेच्या पाण्याचं न्याय्य वाटप, धरणासाठी घरदार सोडलेल्या आदिवासी कुटुंबांसह सगळ्यांना मान्य होईल असं, अजून कागदावर उतरायचं आहे. त्यासाठी आंबेगावच्या आमदाराला जुन्नर, कर्जत, करमाळ्याच्या आमदारांसमोर बसून हिशेब मांडावा लागेल, आणि त्या बैठकीला मंत्रिपद लागत नाही.