मला कसलं टेन्शन?

(दहावी १९७९ च्या वर्गाच्या पाटोदा येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'आरोग्य' या विषयावर वीस मिनिटं बोल म्हणून सांगितलं. आरोग्य काही वीस मिनिटांत मावत नाही, म्हणून मी एकच गोष्ट घेतली आहे. रक्तदाब. म्हणजे आपला बीपी. मी डॉक्टर नाही हे तुम्हाला माहीत आहे. दहावीनंतर एएनएमचं प्रशिक्षण घेतलं, उपकेंद्रात लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. लोकांच्या दंडाला पट्टा बांधण्यात आयुष्य गेलं म्हणा ना. आज जे आकडे सांगणार आहे ते माझ्या मुलीकडून तपासून घेतले आहेत. ती एमडी आहे.

गावोगाव फिरताना मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालेलं वाक्य म्हणजे, "बाई, मला कसला आलाय बीपी? मला कसलं टेन्शन?" पोरगा नोकरीला लागला, पोरगी चांगल्या घरी पडली, कर्ज फिटलं, मग बीपी कशाला असेल? या आजाराचं इंग्रजी नाव हायपरटेन्शन, आणि त्या नावानंच घोटाळा केलेला आहे. त्यातलं टेन्शन हे रक्तवाहिनीच्या भिंतीवरचं टेन्शन आहे, मनातलं नव्हे. शांत माणसाला बीपी असतो. कीर्तनकाराला असतो. आणि रोज सगळ्या गल्लीशी भांडणाऱ्या बाईचा अगदी १२०/८० भरतो, हे मी स्वतः मोजलेलं आहे.

दुसरं वाक्य, "मला काही होत नाही." बरोबर आहे, होतच नाही. डोकं दुखेल, चक्कर येईल, मग जाऊ दवाखान्यात, असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा आधी काहीच होत नाही आणि मग एकदम अंगावरून वारं जातं.

हे वारं किती माणसं नेतं याची मोजदाद आपल्याच महाराष्ट्रात झालेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आहे. तिथल्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांमधल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. १५९९ मृत्यू, त्यातले २२९ पक्षाघातानं. म्हणजे सातात एक. साप नाही, मलेरिया नाही, तिथल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं. गडचिरोलीच्या जंगलातल्या, कष्ट करणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. बीपी हा शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार आहे असं अजून कोणाला वाटत असेल तर त्यानं हा आकडा लक्षात ठेवावा. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब हेच आहे.

आपल्या वर्गाच्या जुन्या फोटोत उभे असलेले काही जण आज इथे नाहीत. सगळ्यांची नावं आत्ता घेत नाही, पण एकाबद्दल त्याच्या घरच्यांना विचारून बोलते आहे. तो कबड्डीत डावीकडून चढाई करायचा, आठवतं? त्याला बीपीची गोळी सुरू होती. चार महिन्यांनी मोजला तर नॉर्मल आला. घरात सगळ्यांना आनंद झाला आणि गोळी बंद झाली. कोणी सांगितलं म्हणून नाही, बरं झालं म्हणून. पुढच्या वर्षी पहाटे उठायला गेला तो उजव्या अंगावर उठलाच नाही. पुढे तीन वर्षं अंथरुणावर होता.

मला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. गोळी चालू असताना बीपी नॉर्मल येतो तो गोळीमुळे येतो. चष्मा लावल्यावर फळ्यावरचं नीट दिसायला लागलं म्हणून कोणी चष्मा फेकून दिला नाही. बीपी ताप नव्हे, की पाच दिवसांचा कोर्स केला आणि संपला. गोळी कमी करता येते, कधी बंदही करता येते. वजन उतरलं, वय फार झालं, बीपी खाली राहायला लागला, तर डॉक्टर स्वतःच कमी करतात. पण ते मोजून ठरवायचं असतं. "सवय लागेल" या भीतीनं तर मुळीच सोडू नका. सवय गोळीची लागत नाही. तंबाखूची लागते, मिश्रीची लागते, आणि ती मात्र आपण चाळीस वर्षं सांभाळतो.

आता गुरुजींसाठी आणि बाईंसाठी थोडं वेगळं. इथे पंच्याऐंशीच्या पुढचे आपले तीन शिक्षक बसले आहेत. तुमच्या वेळच्या डॉक्टरांचा हिशोब होता, शंभर अधिक वय. म्हणजे पंच्याऐंशीला १८५ चालतो. वयाप्रमाणे रक्तवाहिन्या ताठर होतात, वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, हे खरं आहे. पण चढतो म्हणून तो चालतो असं नाही. ऐंशीच्या पुढच्या माणसांना औषध द्यावं की नाही यावर डॉक्टरांतही वाद होता. मग ऐंशी आणि त्यापुढच्या ३८४५ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, २००८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी साधी गोळी. औषधवाल्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी. अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण फरक स्पष्ट दिसत होता. लक्षात घ्या, त्यांनी बीपी १२० वर आणायचा हट्ट धरला नव्हता, लक्ष्य १५०/८० चं होतं. आपल्या साठी-पासष्टीच्या लोकांसाठी साधारण १४०/९० च्या खाली, आणि सोसवत असेल तर आणखी थोडा खाली. ऐंशीच्या पुढे किती खाली आणायचा हे माणूस बघून डॉक्टर ठरवतात.

औषधं आज किती सोपी झाली आहेत, हे जरा मागे वळून पाहिलं की कळतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, तेव्हा त्यांचा बीपी ३००/१९० मोजला गेला होता आणि डॉक्टरांकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडच्या सर्पगंधा वनस्पतीचा बीपीवरचा उपयोग इंग्लंडच्या नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला 'अॅडेल्फेन' गोळी आठवत असेल, तर तिच्यात सर्पगंधेतलंच द्रव्य होतं. आज त्याहून चांगली औषधं आहेत. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे नाहीत.

आता मोजण्याकडे येते. हा माझा विषय, इथे जरा रेंगाळणार आहे.

घरी मशीन घ्या. दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, मांडी किंवा अढी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवरून नको. मोजताना बोलायचं नाही. बोलण्यानंसुद्धा आकडा चढतो. एक मिनिटानं पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, गणिताच्या सरांना बरं वाटेल. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात गेल्यावर धडधडून बीपी चढणारे पुष्कळ असतात. उलट दवाखान्यात बरा आणि घरी चढलेला, असेही असतात. दोघांचा निवाडा वहीच करते.

हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, कित्येक तर अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या बायका बीपी मोजायला शिकल्या. आपल्या वर्गात एमए, बीएड झालेली माणसं आहेत आणि आता मशीनला नुसतं बटण असतं.

मैत्रिणींना एक सांगते. तुम्ही नवऱ्याचा मोजता, सासऱ्यांचा मोजता, स्वतःचा मोजत नाही. पाळी गेल्यानंतर बायकांचा बीपी झपाट्यानं चढतो, आणि साठीनंतर आपण पुरुषांच्या बरोबरीला येतो.

वयस्कर माणसात आणखी एक मोजमाप लागतं, ते फारसं कोणी करत नाही. बसून मोजल्यावर उभं राहून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना नक्की सांगा. पहाटे लघवीला उठताना तोल जाऊन पडतात आणि खुबा मोडतो, त्यातल्या कित्येकांचं कारण हेच असतं. तोवर उठताना आधी काठावर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत, लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणि मीठ उतरतं. अशा वेळी गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून विचारा.

गुडघेदुखीच्या गोळ्यांकडे बघा. डायक्लोफिनॅक आणि तिच्या जातीच्या गोळ्या बीपी चढवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात आणि बीपीच्या गोळीचं काम हाणून पाडतात. मेडिकलमधून पुडीत बांधून आणलेल्या तीन रंगांच्या गोळ्या तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊच नका.

मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, सगळं धरून. आपली भाकरी निरपराध आहे, गुन्हेगार तिच्या शेजारी बसलेले असतात. ठेचा, लोणचं, पापड, खारोड्या. सैंधव म्हणजे मीठ नव्हे असं समजू नका, तेही मीठच आहे. कमी सोडियमचं, पोटॅशियम मिसळलेलं मीठ मिळतं. चीनच्या ६०० खेड्यांत ते वापरून पाहिलं तर पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर आधी विचारा, पोटॅशियम वाढू शकतं.

आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे. दसरा झाला की तालुक्यातली निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. पन्नाशी-साठीतले मुकादम, कोयता चालवणारी जोडपी, आणि गावात मागे राहिलेले म्हातारे. जाणाऱ्याची गोळी कोप्यावर संपते आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला कोणी नसतं. देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात आधी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांत. त्यातून दिसलं ते साधंच आहे. ठरलेली मोजकी औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचं कार्ड, आणि न आलेल्याची चौकशी करणारी नर्स. तुमच्यातले जे आज सरपंच आहेत, मुकादम आहेत, त्यांना माझं सांगणं आहे. टोळी निघण्याआधी गोळ्या चालू असलेल्यांची यादी करा आणि जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची नक्कल सोबत बांधून द्या. उचल देताना हिशोब लिहिताच, त्याच वहीत एक पान.

शेवटी तातडीचं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन. गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर, आणि इथून बीडला जाण्यातच त्यातला वेळ जातो. कबुतराचं रक्त चोळत बसाल तर तो वेळ कबुतर घेऊन जाईल. त्रास काही नाही, पण आकडा १८०/१२० आला, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. जिभेखाली कोणतीही गोळी ठेवून बीपी झटकन पाडायचा प्रयत्न करू नका, एकदम पडलेला बीपीही मेंदूला सोसत नाही.

बोलणं इथे थांबवते. शेजारच्या वर्गात दोन मशीन मांडली आहेत, वह्या मी आणल्या आहेत, प्रत्येकाला एक. आधी गुरुजी आणि बाई, मग हजेरीच्या क्रमानं आपण. पाच मिनिटं बाकावर बसायचं, हाताची घडी न घालता, आणि गप्प. या शाळेत 'गप्प बसा' म्हणायची पाळी आज माझ्यावर आली आहे. चहा मोजून झाल्यावर.