गृहपाठ कुणाचा?



माझ्या तिसरीच्या वहीत लाल शाईचा शेरा असायचा : 'पालकांनी लक्ष द्यावे.' तो आईला मीच वाचून दाखवायचो. आई लक्ष देतच होती. कामावरून आली की कंदिलाची काच पुसून माझ्यापुढे ठेवायची. पण भागाकार तिला कुणी शिकवलाच नव्हता. वही माझी तपासली जायची, नापास आई व्हायची.

गृहपाठ शिकलेलं घर गृहीत धरतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलं, त्यांच्याच मुलांना तो मागे पाडतो. वर पालकच उदासीन, असं ऐकवलं जातं.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. १९९३ साली यशपाल समितीने प्राथमिक वर्गांना, परिसर पाहण्या-शोधण्यापलीकडे गृहपाठ नको, असं सुचवलं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास.

इथे बसलेले आपण बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहोत. वस्तीतल्या पालकांसोबत पालकसभेला जा. हे धोरण पुढे ठेवा. विचारा, 'वर्गात शिकवून झालं का?' संध्याकाळी विहारात, समाजमंदिरात तासभर मुलांसोबत जरूर बसा. पण आपण बसतो म्हणून शाळा सुटली, असं होऊ देऊ नका. शिकवणं हे शाळेचं काम आहे, आणि ते मागणं हा आपल्या आयांचा हक्क आहे.

जय भीम!