मेलेल्या माशांचा लॉग: आमच्या खाऱ्या टँकची गोष्ट

आजचा एपिसोड कोडबद्दल नाही. म्हणजे आहे पण आणि नाही पण. आज मी माझ्या फिश टँकबद्दल बोलणार आहे. खाऱ्या पाण्याचा, शंभर लिटरचा. पुण्यात, आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप आणि पाच गोगलगायी. कोरल नाहीत. कोरल आपल्याकडे वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. त्यामुळे कुणी गुपचूप विकत असेल तरी घेऊ नका.

तर एप्रिलमध्ये ऑफिसच्या कामासाठी मी अठरा दिवस बंगळुरूला गेलो. टँक बाबांवर सोपवला. निघायच्या गडबडीत, बूट घालता घालता सांगितलं, "बाबा, पाण्याची पातळी खाली गेली की बादलीतलं पाणी टाका." एवढंच. बाबा म्हणाले, "जा तू, मी बघतो."

आलो तर श्रिंप मेलेला. दोन गोगलगायी उलट्या पडलेल्या. मासे पृष्ठभागाजवळ येऊन भराभर कल्ले हलवत होते. तीन-तीन वर्षं सांभाळलेले जीव आहेत हो ते. रात्रीचे साडेअकरा, बॅग अजून दारातच, आणि मी टेस्ट किट घेऊन बसलो.

अमोनिया निघाला. खाऱ्या टँकमध्ये तो शून्य असायला हवा. झालं, मला वाटलं सापडला बग! पंचवीस लिटर पाणी बदललं. बॅक्टेरियाची बाटली ओतली. दुसऱ्या दिवशी एका माशावर पांढरे ठिपके दिसल्यासारखे वाटले म्हणून थेट मेन टँकमध्ये कॉपरचं औषध टाकलं. हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. कॉपरनं माशांवरचे परजीवी मरतात, पण गोगलगायी आणि श्रिंपसाठी ते विषच. उरलेल्या तीन गोगलगायी दोन दिवसांत गेल्या. वर ते दगडांत आणि वाळूत मुरतं, सहजासहजी निघत नाही. औषध द्यायचं तर वेगळ्या टबमध्ये द्यायचं, हे मला माहीत होतं. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

चौथ्या दिवशी एक क्लाउनफिश गेला.

प्रॉडक्शन डाउन असताना ज्युनिअर मुलं एकदम पाच गोष्टी बदलतात, तेव्हा मी त्यांना ओरडतो. घरी मी तेच केलं. एका वेळी तीन बदल, मग कशानं काय झालं ते कळणार कसं?

शेवटी वही घेतली आणि फक्त क्रम लिहिला. कोण आधी मेलं, कोण नंतर. आधी श्रिंप, मग गोगलगायी. मासे जिवंत, पण दमलेले. आणि तिथे ट्यूब पेटली. समुद्री मासा पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पाणी जास्त खारट झालं तर त्याला जास्त राबावं लागतं, पण तो काही दिवस तग धरतो. श्रिंप आणि गोगलगायींकडे ही सोय जवळजवळ नसते. बाहेर जेवढा खारटपणा, तेवढाच आत. म्हणून पहिला फटका त्यांना. मग ते मेले, कुजले आणि त्यातून अमोनिया आला. मी ज्याला कारण समजून बसलो होतो तो परिणाम होता.

पण मी खारटपणा मोजला होता की! १.०२५, एकदम बरोबर. माझ्याकडे काटेवाला प्लास्टिकचा हायड्रोमीटर आहे. नीट बघितलं तर काट्यावर वाळलेल्या मिठाचा थर. काटा जड झाला की तो कमी वर चढतो आणि आकडा कमी दाखवतो. एका मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, तो ३५ च्या द्रावणानं कॅलिब्रेट करून घेतला. १.०३२.

एवढं मीठ आलं कुठून? पाण्याची वाफ होते तेव्हा फक्त पाणी उडतं, मीठ टँकमध्येच राहतं. म्हणून वरून भरायचं ते साधं आरओचं पाणी. आमच्या बाल्कनीत दोन बादल्या असतात. एकीत आरओचं, दुसरीत पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेलं खारं. दोन्ही निळ्या, दोन्हींवर झाकण. बाबांनी खारी घेतली. वर ती संपल्यावर डब्यावरचं माप वाचून, वजनकाट्यावर मीठ मोजून नवीन कालवलं. पंखा चालू असला की उन्हाळ्यात रोज दीडेक लिटर उडतं. अठरा दिवसांचे सत्तावीस लिटर, लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक किलो जास्तीचं मीठ. बाबांनी ते इमानदारीत घातलं.

बाबा मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे मेले का रे?"

मी पटकन "नाही नाही" म्हणणार होतो. मग म्हटलं, खरं सांगू या. "पाणी तुम्ही घातलंत, पण कुठली बादली ते मी सांगितलंच नाही. आणि शेवटच्या तीन गोगलगायी तर माझ्या औषधानं गेल्या." बाबा काही बोलले नाहीत. बराच वेळ त्या एकट्या माशाकडे बघत बसले.

मग आम्ही रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं घालत गेलो. दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त उतरवायचं नाही, एवढं ठरवलं. आठवडा लागला. कॉपरसाठी फिल्टरमध्ये कार्बन टाकलाय, तो बदलत राहतो. कॉपरची टेस्ट शून्य येत राहिली तरी काही महिने श्रिंप आणणार नाही. हायड्रोमीटर आता दर वेळी गोड्या पाण्यानं धुतो.

एक क्लाउनफिश आहे. खातोय.

बाबांनी बादल्यांवर ऑइल पेंटनं लिहिलंय. एकीवर "रोज", दुसरीवर "विचारून".