पक्ष्याचें छायाचित्र : शोभा आणि साक्ष

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळा मागें पडला कीं खडवलीचें स्टेशन लागतें. तेथून भातसा नदीचें पात्र फारसें दूर नाहीं. पावसाळ्यांत सुट्टीच्या दिवशीं या कांठावर मुंबई-ठाण्याकडील हौशी मंडळींची एकच गर्दी उसळते. परंतु हिंवाळ्यांतील पहांट असते निराळ्याच यात्रेकरूंची. गळ्यांत लांब भिंगाचा कॅमेरा अडकविलेले हे गृहस्थ पहांटेच्या गाडीनें उतरतात, कापणी झालेल्या खाचरांच्या बांधांवरून पाण्याजवळ येतात, आणि ओल्या मातीवर चक्क पालथे पडतात. समोर पाण्यावर काळ्यापांढऱ्या पंखांचा कवड्या खंड्या एकाच जागीं अधांतरीं फडफडत असतो. पुढच्या क्षणीं तो दगडासारखा खालीं येणार आणि चोचींत मासोळी धरून वर जाणार! तो एक क्षण पकडण्यासाठीं हा सारा खटाटोप.

हा छंद निर्दोष आहे, इतकेंच नव्हे तर उपकारकही आहे. एकोणिसाव्या शतकांत पक्ष्यांचा अभ्यासक म्हटला कीं त्याच्या हातीं बंदूक असावयाचीच. पांखरूं मारावें, कातडें पेंढा भरून टिकवावें, पायाला स्थळकाळाची चिठ्ठी बांधावी, ही त्या काळची रीत. कॅमेऱ्यानें या रीतीला पर्याय दिला. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं एका घरट्याचें अंड्यांसह छायाचित्र घेतलें, आणि १८९५ सालीं रानांतील छायाचित्रांनीं सजलेला घरट्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पांखरांना संशय येऊं नये म्हणून त्यांनीं पोकळ सांगाड्यावर बैलाचें कातडें चढविलें आणि त्या बैलाच्या पोटांत कॅमेरा घेऊन बसण्याची युक्ति योजिली! हिंदुस्थानांत ई. एच. एन. लोथर या रेल्वेच्या अधिकाऱ्यानें रानांत आडोसे उभारून घेतलेल्या छायाचित्रांचें पुस्तक १९४९ सालीं निघालें. रेल्वेची नोकरी आणि पांखरांचा नाद यांचें सख्य असें जुनें आहे.

आज साधनें पुष्कळ सुधारलीं. सेकंदाच्या २,००० व्या भागांत शटर उघडून मिटतें आणि उडत्या पंखांतील पीस न् पीस स्पष्ट उमटतें. तरी मूळ कौशल्य पूर्वीचेंच. कोंवळ्या, तिरप्या उन्हांत काम करावें. दुपारच्या उन्हानें पिसांचा रंग विटका दिसतो. भिंग पांखराच्या डोळ्याच्या पातळीस आणावें, आणि डोळा रेखीव आला आहे ना हें आधीं पाहावें. कवड्या खंड्यासारख्या काळ्यापांढऱ्या पक्ष्याची तर कसोटीच. प्रकाशाचें प्रमाण किंचित् चुकलें कीं छातीवरील पांढरीं पिसें एखाद्या कोऱ्या कागदासारखीं सपाट होतात, आणि तेथील गेलेला तपशील मागाहून कोणत्याही युक्तीनें परत येत नाहीं.

घरीं आल्यावर संगणकावरील संस्करण सुरू होतें, आणि विवेकाची खरी परीक्षा तेथेंच लागते. कॅमेऱ्यानें जसेंच्या तसें साठविलेलें मूळ, ज्याला या क्षेत्रांत ‘रॉ’ म्हणतात, तें निस्तेज दिसतें. त्याच्या कडा छाटणें, उजेड थोडा वाढविणें, भिंगावरील धुळीचा ठिपका पुसणें, यांत गैर कांहींच नाहीं. अंधाऱ्या खोलींत छाप काढणारे जुने कारागीरही कागदाचा एक भाग हातानें झांकून उजेड कमीजास्त करीतच असत. परंतु पांखराच्या चोचीआड आलेली काटकी नाहींशी करणें, एकट्या पांखराशेजारीं दुसऱ्या दिवशींचा जोडीदार आणून बसविणें, हा प्रकार निराळा. तेथें चित्र शोभिवंत होतें, पण साक्षीदार म्हणून निकामी ठरतें.

ही साक्ष इतकी मोलाची कां, याचें उत्तर खडवलीपासून फार लांब नाहीं. याच लोहमार्गानें वासिंद आणि आसनगांव ओलांडून आटगांवला उतरलें कीं त्या बाजूस मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाचें अरण्य आहे. २०१४ सालीं त्या अरण्यांत रानपिंगळा आढळला आणि पक्षिप्रेमी मंडळींत मोठी खळबळ उडाली. ब्लेविट नांवाच्या संग्राहकास तो पहिल्यानें १८७२ सालीं मिळाला. १८७३ सालीं ह्यूमनें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय असा एकही नमुना मिळाला नाहीं. रिचर्ड माइनर्ट्झहागन या प्रसिद्ध पक्षितज्ज्ञानें मात्र १९१४ सालीं आपण एक टिपला असें सांगितलें होतें. पुढें तपास झाला तेव्हां निष्पन्न झालें कीं तो संग्रहालयांतून चोरलेला जुनाच नमुना असून त्याचा पेंढा व चिठ्ठी बदललेली होती! एका खोट्या चिठ्ठीनें अभ्यासकांना कित्येक वर्षें भलत्याच ठिकाणाकडे बोट दाखविलें. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांना खानदेशांत शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला.

आतां या पांखराची ओळख कशी पटते तें पाहावें. आपल्या आंगणांतील साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ ठिपक्यांवांचून असतें आणि त्याच्या पंखांवर व शेपटीवर रुंद, ठळक पट्टे असतात. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडांत घेतलेलें छायाचित्र खरबरीत येतें. तें गुळगुळीत करण्यासाठीं संगणकाची कळ जरा जास्त फिरविली कीं खरबरीतपणाबरोबर डोक्यावरील बारीक ठिपकेही पुसले जातात. लबाडीचा हेतु मुळींच नसतांना साधा पिंगळा रानपिंगळा होऊन बसतो! माइनर्ट्झहागननें जें जाणूनबुजून केलें, तें हौशी माणसाच्या हातून नकळत घडावयास वेळ लागत नाहीं. म्हणून संस्करण किती केलें याचा उल्लेख करावा, आणि मूळ छाप कधींही नष्ट करूं नये.

आणखी एक लबाडी अशी आहे कीं ती संगणकावर नव्हे, नदीकांठींच घडते. उन्हाळ्यांत भातसेचें पाणी ओसरलें कीं टिटवी उघड्या गोट्यांत अंडीं घालते. बहुधा चार, आणि रंगानें दगडांसारखींच. त्यांवर ऊन तापूं लागलें कीं ती पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येते आणि त्या ओलाव्यानें अंडीं निववते. अशा वेळीं एखादा छायाचित्रकार दहा पावलांवर बैठक मांडून बसला, तर टिटवीला परततां येत नाहीं. ती पंख उभारते, चोच उघडून आक्रोश करिते, डोक्यावरून घिरट्या घालते. छायाचित्र मोठें आवेशपूर्ण येतें. पाहणारे वाहवा करितात. पण तो आवेश नसून आकांत आहे, आणि तिकडे अंडीं उन्हांत भाजत आहेत, हें त्या चौकटींत कोठेंच दिसत नाहीं. मुद्रित चित्रांतील एकही कण बदललेला नसूनही तें चित्र असत्यच सांगतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंत पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणें हेंही घातलें आहे. ज्या कॅमेऱ्यानें बंदूक खालीं ठेवविली, तोच असा बंदुकीच्या पंगतीस जाऊन बसतो.

म्हणून जाणते छायाचित्रकार घरट्याची जागा जाहीर करीत नाहींत, ध्वनिमुद्रित साद वाजवून पांखरांना बोलावीत नाहींत, आणि टिटवी ओरडूं लागतांच कॅमेरा न उघडतां मागें फिरतात. त्या दिवशीं त्यांची झोळी रिकामी राहते खरी. पण परतीच्या वाटेवर, शंभर पावलें दूर गेल्यावर, त्यांनीं वळून पाहिलें तर बहुधा एक दृश्य दिसतें. टिटवी थोडी घुटमळते, इकडेतिकडे पाहते, पाण्याशीं जाऊन पोट भिजविते, आणि हलकेंच गोट्यांमध्यें बसून दिसेनाशी होते.